सायलेन्सरचा चटका

मोटारसायकलच्या सायलेन्सरचा चटका माणसाला पोटरीवर बसतो. अख्ख्या जावा बेटावर असं एकही घर नसेल, जिथे कोणाच्या तरी पोटरीवर तो लांबट डाग नाही. पाक वागिरानना, म्हणजे वागिरानकाकांना, मात्र तो मनगटावर बसला होता. निदान त्यांचं म्हणणं तरी तसं होतं.

"मनगटावर कसा काय बसला, पाक?" उपकेंद्राच्या सिस्टर विदूरीने त्यांचा हात उजेडाकडे वळवत विचारलं.

"किल्ली पडली गाडीखाली. काढायला हात घातला, तर चिकटलाच."

"दुखतंय का?"

"छे, छे. काही म्हणजे काही दुखत नाही. मार्सियेम मागे लागली म्हणून आलो. बायकोपुढे कोणाचं चालतं का?"

दुखत नाही म्हटल्यावर विदूरीने हात आणखी जवळ घेऊन पाहिला. भाजलेलं माणसाला झोपू देत नाही. इथे मधोमध कोळशासारखी काळी खपली, कडेने पाण्याचे बारीक फोड, हात कोपरापर्यंत सुजून टम्म, आणि हा माणूस बायकोवर विनोद करतोय. मागे बाकावर त्यांचा शेजारी बसला होता. त्याच्या बोटावरही तसंच काळं होतं.

"तुम्हालाही सायलेन्सरच का?"

"हो ना, सिस्टर."

"कोणाची गाडी?"

"यांचीच."

"मग त्या गाडीलाच इथे भरती करून घेते मी. सगळ्या वाडीला चावत सुटलीय."

शेजारी हसला, पण लगेच खिडकीबाहेर सागाच्या झाडांकडे बघत बसला. पाक वागिरान चपलेने फरशी खरवडत होते. दोघांनी एकच गोष्ट ठरवून आणली होती, आणि दोघांनाही खोटं बोलायची सवय नव्हती.

भिंतीवर सरकारी तक्ता टांगलेला होता. कुठले आजार दिसले की वर कळवायचे, त्यांची नावं त्यावर होती, आणि काळपुळीचं नाव वरच्याच ओळींत होतं. जनावराकडून माणसाला येते, आजारी जनावर सोलताना हाताला लागते, त्याचं मांस खाल्लं तर पोटात शिरते. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं: नुसता संशय आला तरी त्याच दिवशी कळवा, खात्रीची वाट बघू नका. असे तक्ते छापायला सरकारकडे पैसे असतात. रंगीत छापतात, कडेने फुलं काढतात.

"पाक, गाय कोणाची कापलीत?"

"गाय? कुठली गाय?" असं म्हणून पाक वागिरान उठूनच उभे राहिले. विदूरीने त्यांना दटावून परत बसवलं आणि आत जाऊन केंद्राच्या प्रमुखांना फोन लावला.

डॉक्टर हर्यंतो माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर भांडायला सोपं गेलं असतं. आवाज कधी चढवायचा नाही, कोणाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, आणि वरच्या साहेबांच्या कपाळावर आठी पडेल असं काही आपल्या केंद्रातून जाऊ द्यायचं नाही, एवढ्या भांडवलावर त्यांनी बरीच वर्षं काढली होती. खालच्यांचं काय होतं, ते पाहायला त्यांची मान कधी तेवढी वळत नसे.

"सिस्टर, काळपुळी हा शब्द फोनवर नको," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग कुठे बोलू, डॉक्टर? तुम्ही येऊन बघा ना. दोन माणसं समोर बसलीत."

"अहो, कुर्बानीची ईद तोंडावर आलीय. बाजारात शहरातले व्यापारी उतरलेत. हा शब्द बाहेर पडला की या डोंगरातलं एक शेपूट विकलं जाणार नाही. गरिबांच्या पोटावर पाय येईल. तुम्ही तर त्याच वाडीच्या."

"निदान गोळ्या तरी सुरू करते. आपल्या कोठारात आहेत."

"गोळ्या काढायच्या तर आजाराचं नाव लिहावं लागतं. नाव लिहिलं की ते वर जातं. तूर्त भाजलंय असं लिहा, मलम द्या. ईद होऊ दे, मग बघू."

वरच्या माणसाला गरिबांचा कळवळा असा अचानक आला, की गरिबाचंच काहीतरी जाणार हे ओळखावं. विदूरीने ते ओळखलं. तरीही तिने मलम दिलं. राग आला होता, पण दिलं. वरिष्ठाचा शब्द ओलांडायचा नाही, हे या मुलखात पोराला चालायला शिकवायच्या आधी शिकवतात. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे तर ती त्याच्याही पलीकडची कोणीतरी होती. सोमवारचा दिवस असा गेला.

संध्याकाळी घरी आली तर आई चुलीपाशी टेम्पेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप तळत होती. विदूरीने पाण्यासाठी फ्रीज उघडला. आत सागाच्या पानात बांधलेला एक पुडा होता.

"आई, हे मांस कुठलं?"

"वाट्याचं," आई म्हणाली. "म्बाह साकिनेमच्या गाईचं. तू आठवडाभर उपकेंद्रातच मुक्कामाला होतीस, म्हणून तुझा वाटा ठेवलाय. खाऊन घे. नाहीतर म्हणशील, आई एकटीच खाते."

ब्रांडू ही या डोंगरातली जुनी रीत आहे. कोणाची गाय आजारी पडली, वाचत नाही असं दिसलं, की श्वास जायच्या आत सुरी फिरवतात. मग मांसाचे सारखे वाटे करतात. प्रत्येक घर एक वाटा उचलतं आणि ऐपतीप्रमाणे पैसे टाकतं, म्हणजे गाय गेली तरी धन्याच्या हातात निदान वासराइतकं येतं. मांस हे निमित्त. दिल्यासारखं वाटत नाही, घेतल्यासारखं वाटत नाही, आणि कोणाला कोणापुढे मान खाली घालावी लागत नाही. वाटा नाकारणं म्हणजे शेजारणीच्या दुःखाकडे पाठ करणं. सरकार म्हणतं, आजारी जनावर पुरा आणि वर चुना टाका. म्हणजे म्बाह साकिनेमसारख्या एकट्या म्हातारीने डोक्यावरून गवताचे भारे वाहून जी काय पुंजी उभी केली, ती मातीत घाला. त्या बदल्यात तिच्या हातावर काय ठेवणार, याबद्दल तो फुलांचा तक्ता अवाक्षर बोलत नाही.

"मी स्वतः घरोघर फिरले," आई अभिमानाने सांगत होती. "एकाही घराने तोंड फिरवलं नाही. म्हातारी रडली अगदी."

"तू खाल्लंस?"

"न खाऊन सांगते कोणाला? ताईच्या पोरीलाही सूप दिलं. वाटीभर मागून घेतलं तिने."

विदूरी तिथेच जमिनीवर बसली. "आई, ती गाय काळपुळीने मेली."

"मेली नाही, कापली. सुरी फिरली तेव्हा श्वास होता. वागिराननेच फिरवली, विचार त्याला."

"त्याला काय विचारू? त्याचा हात पाहिलाय मी!"

"हळू बोल." आईने झारा खाली ठेवला. "पलीकडच्या वाडीने कळवलं होतं ना मागे? काय झालं त्यांचं? वर्षभर व्यापारी फिरकला नाही. पोरांना शाळेत वेगळं बसवलं. लग्न झालं तर मांडवात यजमानच बसलेले, त्यांच्या हातचा चहासुद्धा कोणी प्यायलं नाही. त्यापेक्षा सायलेन्सरचा चटका परवडला, बाई."

"म्हणजे हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय?"

"ठरवायचं काय त्यात? म्हातारीच्या गाईने अख्खी वाडी आजारी पडली असं उद्या कोणी म्हटलं, तर ती तोंड कुठे लपवेल?"

रागवायचं तरी कोणावर? आईवर रागवावं, तर आईने केलं होतं ते पुण्याचंच काम. तिने पुडा उचलला, परसात खड्डा खणून जाळून टाकला, आणि आई पाठमोरी बसून राहिली. मग विदूरीने आत झोपलेल्या भाचीच्या कपाळाला हात लावून पाहिला. अजून गार होतं.

मंगळवारी तिने डॉक्टरांना पुन्हा फोन केला. साहेब बैठकीत होते. दुपारी केला, तेव्हा जेवत होते. नंतर फोनच बंद होता. बुधवारी सकाळी पाक वागिरानची बायको बु मार्सियेम, म्हणजे मार्सियेमकाकू, अनवाणी धावत उपकेंद्रात आली. नवरा तापाने फणफणला होता, पोट फुगलं होतं, रक्त पडत होतं. हाताला लागलेलं वेगळं आणि पोटात गेलेलं वेगळं. पाक वागिरानच्या बाबतीत दोन्ही झालं होतं. जनावर ज्याने सोललं, त्याला काळीज आणि आतडी मानाने जास्त देतात.

या वेळी विदूरीने जिल्ह्याला फोन केला. वाडीचं नाव सांगितलं, गाय सांगितली, दोन हात आणि एक पोट सांगितलं, किती घरांनी मांस खाल्लं तेही सांगितलं, आणि काळपुळी हा शब्द तर तिने मोठ्याने दोनदा उच्चारला.

"तुमच्या प्रमुखांना कळवलंत का आधी?" पलीकडून विचारणा झाली.

"कळवलं. म्हणूनच तुम्हाला करतेय."

रुग्णवाहिका पाक वागिरानना घेऊन गेली आणि तासाभरात डॉक्टर हर्यंतोंचा फोन आला. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचा आवाज चढला होता.

"तुम्ही मला ओलांडून गेलात, सिस्टर!"

"हो, डॉक्टर. तुम्ही वाटेत झोपला होतात."

असं आपण बोललो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. पण बोलून बरं वाटलं. नंतर मात्र बरं वाटायला काही उरलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे पाक वागिरान गेले.

त्यांना पुरून माणसं परतत होती, तेवढ्यात गाड्या आल्या. पांढऱ्या पोशाखातली माणसं म्हातारीच्या गोठ्यात चुना ओतत फिरू लागली. गोळ्यांची खोकी आली. जिल्ह्याचे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर कॅमेरावालाही आला. सगळ्या वाडीला चावडीत बोलावलं गेलं. पहिल्या रांगेत डॉक्टर हर्यंतो इस्त्रीच्या बाटिक शर्टात बसले होते. "आमच्या केंद्राने तत्परतेने माहिती पुरवली," असं त्यांनी कॅमेऱ्यापुढे आधीच सांगून टाकलं होतं. ते ऐकून विदूरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

साहेब बोलायला उभे राहिले. त्यांनी अडाणीपणावर बोलून घेतलं, मग धर्मात काय खावं न खावं त्यावर घेतलं, मग जिल्ह्याची कशी बदनामी झाली तेही सांगितलं. कुर्बानीचा बाजार बंद झाला होता आणि त्याचं खापरही त्यांनी याच लोकांच्या माथी फोडलं.

"आता हात वर करा," शेवटी ते म्हणाले. "कोणी कोणी मांस खाल्लं? त्यांनी पुढे या आणि गोळ्या घ्या."

एकही हात वर झाला नाही. कॅमेरा रांगेवरून सावकाश फिरत होता आणि तो जिकडे वळे तिकडच्या माना खाली जात होत्या. विदूरीची आई मधल्या रांगेत होती. मांडीवर ताईची पोर. पोरीचे गाल आज लालबुंद झाले होते आणि डोळे मिटत होते. गोळ्या चार हातांवर टेबलावर पडल्या होत्या, आणि आई जमिनीकडे बघत होती.

"साहेब, तो कॅमेरा बंद करा," विदूरी उठून म्हणाली. "ही माणसं औषधाला आलीत, कबुलीजबाबाला नाही. असं धमकावून कोण पुढे येईल?"

"सिस्टर, तुम्ही बसा. अहो, एवढ्या मोठ्या वाडीत एकाने, फक्त एकाने वेळेवर कळवलं असतं..."

"मी कळवलं होतं."

आवाज अगदी मागून आला. म्बाह साकिनेम भिंतीला धरून उभ्या राहत होत्या. आजवर म्हातारीने चावडीत तोंड उघडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. चहाचे पेले विसळायला यायच्या आणि विसळून जायच्या.

"काय म्हणालात, आजी?"

"गाईने गवत सोडलं त्याच दिवशी कळवलं. वागिरानच्या गाडीवर मागे बसून तुमच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर नव्हते. ईदच्या प्रदर्शनात गाईबैलांना बक्षीस द्यायला गेले होते. टेबलामागचा माणूस म्हणाला, फोनवर गाईचा फोटो पाठवा. मी म्हटलं, बाबा, माझ्याकडे फोन नाही. तर म्हणाला, मग गाय घेऊन या."

कोणीतरी फिसकन हसलं.

"गाय उभी राहत नव्हती, साहेब. पाठीवर घालून आणू होय? घरी आले आणि गोठ्यात बसून राहिले. तेवढ्यात ही तुमिरा आली." विदूरीच्या आईकडे त्यांनी बोट दाखवलं. "मग वागिरान आला. मग सगळीच आली. तुम्हाला मी बोलावलं, तुम्ही आला नाहीत. यांना बोलावलं नव्हतं, हे आले. आणि आज तुम्ही यांना अडाणी म्हणता?"

साहेबांनी हर्यंतोंकडे पाहिलं आणि हर्यंतोंनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. म्हातारी आता साहेबांशी बोलतच नव्हती. ती लोकांकडे वळली होती.

"माझी लाज राखायला तुम्ही ते मांस नेलंत. मला ठाऊक होतं, जनावर चांगलं नाही. तुम्हालाही ठाऊक होतं. आता माझं एक ऐका, ते औषध घ्या. माझ्यापायी आणखी एकाला खांदा द्यायची वेळ आणू नका. ऊठ, तुमिरा. पोरीला घेऊन ऊठ आधी."

आई उठली. तिच्यामागून वाडी उठली. बघता बघता टेबलापुढे रांग लागली आणि विदूरी गोळ्यांचे पुडे हातांवर ठेवू लागली. पहिला तिने पोरीच्या नावाचा आईच्या हातात दिला, आणि किती वेळाने काय द्यायचं ते सांगताना तिला हुंदका आवरेना. आईने तिच्या पाठीवर थाप मारली आणि "नीट सांग, लोक थांबलेत," म्हणून दटावलं. साहेबांनी कॅमेरावाल्याला हळूच खूण केली. आता बंद कर म्हणून.

"चालू राहू द्या," रांगेतून बु मार्सियेम म्हणाली.

कबरीची माती अजून तिच्या कमरेला गुंडाळलेल्या सारोंगच्या काठाला होती. ती पुढे आली आणि पुडा तळहातावर घेऊन बघत राहिली.

"ह्याच का त्या गोळ्या? काळपुळीच्या?"

"हो, बु."

"शहरातून आणल्या?"

विदूरीने खोक्यावरचा शिक्का पाहिला. खोटं बोलता आलं असतं. "नाही. आपल्याच केंद्राच्या कोठारातून आणल्यात."

"सोमवारी माझा नवरा तुझ्याकडे आला होता. तेव्हा त्या कोठारातच होत्या?"

"हो."

"आणि तू त्याला मलम दिलंस."

"हो, बु."

"ह्या दिल्या असत्या तर?"

"बहुतेक वाचले असते," विदूरी म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

बु मार्सियेम रडली नाही, ओरडलीही नाही. तिने पुडा कमरेला खोचला आणि ती कॅमेऱ्याकडे वळली.

"मघाशी साहेबांनी आम्हाला हात वर करायला सांगितलं. खाल्लं कोणी, ते आता कळलं. मीही खाल्लं. आता मी विचारते. माझ्या नवऱ्याला काय झालंय, हे सोमवारी ज्याला ज्याला माहीत होतं, त्याने हात वर करावा."

विदूरीने हात वर केला. रागाने केला की लाजेने, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. आई तिच्याकडे डोळे विस्फारून बघत होती. बघू दे, म्हणून तिने हात आणखी वर नेला. पहिल्या रांगेत डॉक्टर हर्यंतो दोन्ही तळवे मांडीवर पालथे घालून बसले होते.

हात तसाच वर ठेवून विदूरी त्यांच्याकडे वळली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "सगळे थांबलेत."